तीन पूर्णांक चारचे पेढे

"आमच्या इथल्या एका आजोबांची गोष्ट. नातीचा इंजिनियरिंगचा निकाल लागला, सरासरी ३.४. आपल्याकडे आकडा जेवढा मोठा तेवढं पोर हुशार. जर्मनीत सगळं उलटं, एक म्हणजे उत्तम आणि चार म्हणजे कसाबसा पास, हे बिचाऱ्या आजोबांच्या गावीही नव्हतं. आजींना जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं, पण आनंदाच्या भरात आजोबा तेही विसरले आणि गणपतीच्या कार्यक्रमात त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले. नातीला खरं सांगायचा धीर झाला नाही. आजोबांना आपण एवढ्या हुशार वाटतो, तर तसं होऊनच दाखवावं, म्हणून तिने चक्क मेडिकलचा अर्ज भरला. आज ती हायडेलबर्गला डॉक्टर होते आहे. आजोबांच्या भाबड्या विश्वासाने जे केलं, ते कुठल्याही मार्कांनी केलं नसतं!"

हा मजकूर आमच्या मंडळाच्या यंदाच्या दिवाळी अंकात छापून आला आहे. लेखक हे पुण्याहून येऊन सहा-सात वर्षे झालेले, एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारे गृहस्थ आहेत. लेखात कोणाचे नाव नाही. परंतु पत्नी निवर्तलेले, पेढे वाटलेले आणि हायडेलबर्गला नात असलेले आजोबा आमच्या मंडळात एकच आहेत, आणि ते हे लिहीत आहेत.

लेख सर्वांना आवडला. माझ्या सुनेलाही आवडला. तिने तो मला मोठ्याने वाचून दाखवला आणि डोळे पुसत म्हणाली, "बाबा, किती गोड लिहिलंय हो!"

"गोड? त्याने मला मूर्ख म्हटलं आहे."

"मूर्ख कुठे? भाबडे म्हटलंय."

"भाबडा म्हणजे काय, ते सांग मला."

"भाबडा म्हणजे... साधा. निष्पाप."

"भाबडा म्हणजे मूर्खच, फक्त ज्याच्यावर रागावता येत नाही असा."

मी लेखकांना फोन केला. ते अतिशय नम्रपणे बोलले. "काका, अहो ते ललित आहे ना. थोडं स्वातंत्र्य घेतलं."

"कोणाचं?" मी विचारले.

ते हसले. मी हसलो नाही. मग ते म्हणाले की, तुम्ही तुमची बाजू लिहून पाठवा, आपण पुढच्या अंकात अवश्य छापू. माझी बाजू म्हणून काही नाही. जे घडले ते घडले आहे, आणि ते मला ठाऊक आहे. ते क्रमाने लिहितो.

प्रथम त्या आकड्याविषयी. मी या देशात चौतीस वर्षे एका कारखान्याच्या तपासणी विभागात काम केले. माझ्या टेबलावर आलेला यंत्राचा भाग ठरलेल्या मापापासून किती ढळला आहे, हे मी मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्यात सांगत असे. आणि तिथे आकडा जेवढा लहान तेवढा माल चांगला, हा माझ्या पोटापाण्याचा नियम होता. माझा मुलगा बाड हॉम्बुर्गच्या शाळेत शिकला. त्याच्या दर सहामाहीच्या निकालपत्रावर पालक म्हणून मी सही केली आहे आणि गणितात चार आल्यावर त्याला दोन आठवडे फुटबॉल बंद केला आहे. या माणसाला एक मोठा की चार मोठा हे कळत नव्हते, असे लेखकांना वाटले. त्यांचा जन्म व्हायच्या आधीपासून मी हे आकडे वाचतो आहे.

नात कायझर्सलाउटर्नच्या विद्यापीठात यंत्रशास्त्र शिकत होती. तो विषय तिने माझ्या सांगण्यावरून घेतला, हे मी नाकारत नाही. यंत्र चुकले तर मोजून दाखवते, माणसासारखे रुसून बसत नाही, असे मी तिला ती लहान असल्यापासून सांगत आलो होतो. पहिली तीन सत्रे तिची सरासरी दोनच्या आत होती, पण अंतिम निकालात त्यांचे वजन थोडे असते. ती तीनच्या पलीकडे गेली ती माझ्या पत्नीची मूत्रपिंडे निकामी झाल्यानंतर.

याविषयी माझ्या मुलाचे म्हणणे असे की, मुळात तो विषयच तिचा नव्हता. मुलाने तिच्या निकालपत्रावरच्या तारखा पाहिलेल्या नाहीत. मी पाहिल्या आहेत. डायलिसिस सुरू झाले त्या महिन्यापर्यंतचे आकडे एका प्रकारचे आहेत आणि त्यानंतरचे दुसऱ्या प्रकारचे.

डायलिसिस आठवड्यातून तीन दिवस असे: सोमवार, बुधवार, शुक्रवार. दर खेपेस चार-साडेचार तास. माझी पत्नी या देशात चाळीस वर्षे राहिली, परंतु तिचे जर्मन बाजारहाटापुरते होते. पोटॅशियम, कोरडे म्हणजे जादा पाणी उतरल्यावरचे वजन, आज अंगातून किती पाणी काढायचे, हे सगळे तिला कोणीतरी मराठीत सांगावे लागे आणि तिचे म्हणणे जर्मनमध्ये पोहोचवावे लागे. मुलगा आणि सून दोघेही नोकरीला. नातीने कायझर्सलाउटर्नची खोली सोडली, ती आमच्याकडे राहायला आली आणि उरलेल्या दिवशी दोन-दोन तास गाडीने जाऊन-येऊन शिकू लागली. प्रात्यक्षिके बहुतेक बुधवारी असत. थर्मोडायनॅमिक्सची परीक्षा दोनदा गेली. इथे तिसऱ्यांदा गेली तर त्या विषयाची पदवी या देशात कुठेच मिळत नाही. तिसऱ्या खेपेला ती चारवर सुटली, आणि त्या दिवशी तिने आजीच्या पलंगाशेजारी बसून दोन वाट्या दहीभात खाल्ला.

घरात जर्मनमध्ये उत्तरे देणारी ही मुलगी त्या दीड वर्षात मराठी बोलायला लागली. परतीच्या वाटेवर दोघींचे मागच्या सीटवर, श्वेस्टरला म्हणजे नर्सला आजीने काय सांगितले यावरून, भांडण चाले.

"आबा, आजीने आज श्वेस्टरला सांगितलं, दोन कप चहा प्यायले. चार प्यायलीये."

"दोनच गं. मोठे होते."

"मोठे नाही, आजी. चार. मी मोजले."

"तू मोजत बसतेस, तुझ्या आजोबांवर गेलीस. अहो, ऐकलंत का?"

मी ऐकत असे. गाडी मी चालवत असे. आणि आता जे लिहितो ते लिहिण्यासाठीच मी लेखणी हातात घेतली आहे, कारण याविषयीही एक आवृत्ती प्रचलित आहे. पत्नीच्या तेराव्याला माझा मुलगा जमलेल्या मंडळींसमोर म्हणाला, "बाबा आईजवळ शेवटपर्यंत बसून होते." लोकांनी माझ्याकडे आदराने पाहिले. त्या दिवशी मी गप्प राहिलो. आज दुरुस्ती करतो. मी बसून होतो हे खरे. पण गाडीत, डायलिसिस केंद्राच्या बाहेर, वाहनतळावर.

पहिल्या दिवशी मी आत गेलो होतो. पत्नीच्या दंडातून निघालेले रक्त पारदर्शक नळीतून यंत्रात गेले, यंत्राचे चाक फिरू लागले, आणि मी बाहेर आलो. आयुष्यभर यंत्रांजवळ उभा राहिलेला माणूस मी. त्या यंत्राजवळ मला उभे राहता आले नाही. याला कारण मी पुष्कळ दिवस शोधले. मिळाले नाही, आणि आता शोधत नाही.

त्यानंतर पत्नी दर वेळी गाडीतून उतरताना विचारी, "अहो, आज येता का आत?"

"इथे दोन तासांचीच पार्किंगची मुदत आहे," मी म्हणे. "पार्कशाइबे फिरवायला कोणीतरी हवं ना."

पार्कशाइबे म्हणजे काचेमागे ठेवायची पुठ्ठ्याची चकती. गाडी केव्हा लावली ते तिच्यावर दाखवायचे असते. दोन तासांनी ती फिरवायला एक मिनिट लागते. पत्नी चाळीस वर्षे या देशात होती. ते तिला ठाऊक होते. ती "बरं" म्हणे आणि नातीचा हात धरून आत जाई.

दीड वर्ष असे गेले. ती फेब्रुवारीत वारली. सप्टेंबरात नातीचा निकाल लागला.

आता पेढ्यांविषयी. मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. माइकवरून मुलांची नावे आणि सरासरी वाचून दाखवतात, हार-तुरे होतात. त्या वर्षी यादीत माझ्या नातीचे नाव नव्हते, आणि नसणारच होते. परंतु त्याच आठवड्यात यादी करणाऱ्या एका बाईंनी माझ्या सुनेला फोन करून "तिला वाईट नको वाटायला, यंदा आणू नका हवं तर" असे सुचवले. सुनेने ते मला सांगितले. मी दूध पावडर, आटवलेल्या दुधाचा डबा आणि वेलदोडे आणले आणि आयुष्यात पहिल्यांदा पेढे केले. ते जरा कडक झाले. नातीला गाडीत बसवले आणि सभागृहात नेले.

वर्षाच्या आत गोड वाटायचे नसते, हे मी विसरलो होतो असे लेखक म्हणतात. दारातच एक बाई मला म्हणाल्या, "अहो काका, तुमच्याकडे तर अजून..."

"अजून पाच महिने आहेत," मी म्हणालो. "मला मोजता येतं. घ्या."

मग एक गृहस्थ आले. त्यांच्या मुलाचा त्या दिवशी सत्कार होता, एक पूर्णांक दोन. "अरे वा, कशाचे पेढे?"

"नात इंजिनियर झाली."

"अभिनंदन! किती पडले?"

"तीन पूर्णांक चार," मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो.

त्यांनी इकडेतिकडे पाहिले. "आल्झो, म्हणजे... काका, तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, पण इथे एक म्हणजे..."

"एक म्हणजे तुमचा मुलगा. ठाऊक आहे. पेढा घ्या, साखर बेताची आहे."

हा संवाद निदान आठ माणसांनी ऐकला. दिवाळी अंकाचे लेखक त्या वेळी व्यासपीठाच्या मागे माइकच्या वायरी जोडत होते. त्यांच्या नजरेस डबा पडला, शब्द कानावर पडले नाहीत. ऐकू न आलेला भाग त्यांनी आपल्या कल्पनेने भरला आणि त्या भागात मला अडाणी करून बसवले. वास्तविक विचारायला मी पाच किलोमीटरवर राहतो.

तेव्हा मला आकडा माहीत होता आणि महिने माहीत होते. मग पेढे का वाटले? लेखकांचे उत्तर चुकीचे असले तरी प्रश्न योग्य आहे. माझ्या मनात दोन गोष्टी होत्या. एक, त्या फोन करणाऱ्या बाईंना उत्तर. दुसरी मी गाडीत नातीला सांगितली.

परत येताना तिने पेढ्यांचा डबा मांडीवर घेतला. मग म्हणाली, "आबा, वारूम? का केलंत हे? लोक हसत होते."

"पास झालीस म्हणून केलं. पेढे वाटले, शिक्षण संपलं. आता पुढचं बघ. नोकरीचं पत्र आलंय ना?"

"आलंय."

"मग?"

"मला ते नाही करायचं. मेडिझीन करायचंय."

सिग्नल लाल होता. मी तिच्याकडे पाहिले. ती थट्टा करत नव्हती. "कोणत्या आकड्यावर?" मी विचारले.

"याच."

"तुझ्या पुढे एक पूर्णांक शून्यवाली मुलं रांगेत उभी आहेत. त्यांना जागा मिळत नाहीत. अर्ज करू नकोस. हसं होईल."

"हसं तर आत्ताच झालं," ती म्हणाली. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. सिग्नल हिरवा झालेला मला कळला नव्हता.

हे लेखकांच्या वाक्याशेजारी ठेवून पाहावे. "आजोबांना आपण एवढ्या हुशार वाटतो, म्हणून तिने अर्ज भरला." आजोबांनी तिला अर्ज करू नकोस असे स्पष्ट शब्दांत, मराठीत, बजावले होते. एकदा नव्हे, त्यानंतर घरी दोन वेळा. विश्वास भाबडा होता की शहाणा, हा प्रश्नच येत नाही. विश्वास नव्हता.

तिने नोकरीचे पत्र परत पाठवले. तिच्या आई-वडिलांनी आणि मी, आम्ही तिघांनी तिच्याशी आठवडाभर बोलणे जवळजवळ सोडले होते. ती शांतपणे माहिती गोळा करत राहिली. इथे एक पदवी घेतलेल्या माणसाला दुसऱ्यांदा मेडिकल शिकायचे असेल तर त्याची वेगळी वाट असते. तिला त्स्वाइटश्टुडियम म्हणतात, म्हणजे दुसरे शिक्षण. जागा अगदी मोजक्या. पहिल्या पदवीच्या निकालाला काही गुण देतात आणि दुसरे शिक्षण कशासाठी हवे, या लेखी कारणाला काही गुण देतात. दोन्हींची बेरीज करून रांग लावतात. एका विद्यार्थी-सल्लागाराने तिला आणखी एक सुचवले. निकाल खाली येण्याचे कारण आपल्या हातातले नव्हते, असे पुराव्याने दाखवता आले, तर तो निकाल थोडा वरचा धरावा अशी विनंती करता येते. अर्जात त्यासाठी जागा असते. तिच्या बाबतीत एका पायरीचाही फरक पुरेसा ठरला असता, निदान तसे त्या सल्लागाराचे मत होते.

डायलिसिस केंद्राने तिच्या हजेरीचा दाखला ताबडतोब दिला. आता घरातल्या माणसाचे खात्रीपत्र हवे होते.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर कागद पसरलेले होते. सून ते क्रमाने लावत होती. नातीने एक कागद माझ्यापुढे सरकवला. "आबा, इथे सही हवी."

मी चष्मा लावला. वाचल्याशिवाय सही करण्याची मला सवय नाही. कागद सुबक होता. आजीच्या आजाराचा काळ, आठवड्याचे दिवस, तास, सगळे बरोबर. शेवटचे वाक्य असे होते: या काळात सदर शुश्रूषेसाठी कुटुंबातील दुसरी कोणतीही व्यक्ती उपलब्ध नव्हती.

"हे खरं नाही," मी म्हणालो.

"काय खरं नाही?" सून म्हणाली. "आम्ही दोघं ऑफिसात होतो. खरंच तर आहे."

"मी ऑफिसात नव्हतो."

सुनेने हातातले कागद खाली ठेवले. ती मनाने फार चांगली आहे. "अहो बाबा, तुम्ही पंचाहत्तरीचे. तुम्हाला काय जमणार होतं? करा हो सही, कोण बघतंय?"

"मी बघतोय. चौतीस वर्षांत न मोजलेल्या मालावर मी सही केलेली नाही."

हे वाक्य मी अभिमानाने बोललो, आणि ते अक्षरशः खरे आहे. परंतु त्या दुपारी ते माझ्या तोंडून कशासाठी बाहेर पडले, हे टेबलाशी बसलेल्या तिघांपैकी निदान दोघांना कळले होते.

नातीने कागद आपल्याकडे ओढला. पेन घेऊन ते शेवटचे वाक्य खोडले. मग सावकाश, शब्द शोधत, मराठीत म्हणाली, "मग खरं लिहा. घरात माणूस होतं, पण ते आत आलं नाही. असं लिहा आणि सही करा."

"असं कोणी अर्जात लिहितं का?"

"त्यांना चालेल की नाही, माहीत नाही. मला चालेल."

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला रागावता आले असते. तिने पेन माझ्या हातात दिले होते. खोडलेल्या वाक्याखाली दोन ओळींची मोकळी जागा होती. मला जर्मन उत्तम लिहिता येते. एवढी एक ओळ लिहायला मला अडचण नव्हती. मी ती लिहिली नाही. उलट मी म्हणालो, "आजीचं दुखणं कागदावर मांडून जागा मागणार आहेस का तू?"

सून म्हणाली, "बाबा!"

नातीने माझ्या हातातले पेन काढून घेतले. मग म्हणाली, "नाही. नाही मागणार." तिने तो कागद आणि केंद्राचा दाखला दोन्ही उचलून आपल्या खोलीत नेले.

इथे आणखी एक आवृत्ती खोडून काढायची आहे. माझी सून आता नातेवाइकांना असे सांगते की, नात मोठी मानी. आजीच्या आजारपणाचे भांडवल करायला तिने साफ नकार दिला. ऐकणाऱ्यांना हे फार भावते. पण ती तसे म्हणाली नव्हती. ती आजीविषयी लिहायला तयार होती. सगळे लिहून, टाइप करून तिने माझ्यापुढे ठेवले होते. भांडवलाची ती कल्पना माझी, ती भाषा माझी, आणि सही चुकवण्यासाठी मी ती वापरली. सुनेने त्या दुपारचा माझा वाटा उचलून नातीच्या नावावर घातला. तिच्या मनात मला वाचवायचे असावे. मला असे वाचवलेले चालत नाही.

पहिला अर्ज नामंजूर झाला. पत्र आले तेव्हा नात घरात नव्हती. मी टपालपेटीतून ते काढले आणि तिच्या टेबलावर ठेवले. संध्याकाळी ती खाली आली, सर्वांबरोबर जेवली, आणि म्हणाली की ती मार्चपासून एका डायलिसिस केंद्रात मदतनीस म्हणून काम करणार आहे. दुसऱ्या गावात, पत्नीला नेत असू ते नव्हे. रुग्णांना यंत्राजवळ नेणे, वजन करणे, चादरी बदलणे, सुया लावताना हात धरून बसणे, असे काम.

"इंजिनियर होऊन चादरी बदलणार?" माझा मुलगा म्हणाला.

"यंत्रही मीच पुसणार, बाबा," ती म्हणाली. "इंजिनियर लागेलच ना."

त्या कामातून तिला दुसऱ्या अर्जाचे कारण मिळाले. यंत्र आतून कसे चालते हे तिला शिक्षणामुळे ठाऊक होते आणि त्याला जोडलेल्या माणसाचे काय होते हे ती रोज पाहत होती. या दोहोंच्या मध्ये उभे राहणारा डॉक्टर तिला व्हायचे आहे, असे तिने लिहिले. ते चार पानी कारण मला तिने वाचायला दिले नाही. माझ्या मुलाने वाचले आणि मला त्याचा सारांश सांगितला. त्यात आजीचा उल्लेख नव्हता.

दुसऱ्या खेपेस तिने माझ्याकडे काहीही मागितले नाही. मी वाट पाहिली, हे नमूद करतो. अर्ज पाठवायची मुदत मला कळली होती. त्या आठवड्यात मी माझ्या खोलीत एक कोरा कागद घेऊन, माझे नाव, पत्ता आणि तारीख वर घालून, बसलो होतो. पहिले वाक्य जर्मनमध्ये लिहिलेही: "माझ्या पत्नीच्या आजारपणात मी घरात उपलब्ध होतो." त्यापुढचे वाक्य मी तीन दिवस बनवत होतो. चौथ्या दिवशी सून सहज म्हणाली, "तिने काल अर्ज पाठवला हं, बाबा." मी "बरं" म्हणालो.

ऑगस्टमध्ये तिचा फोन आला. ती कामावर होती. मागे कसला तरी गजर वाजत होता. "आबा, मिळालं."

"कुठे?"

"हायडेलबर्ग."

मी काय म्हणालो ते मला आठवत नाही. ती म्हणाली, "थांबा हं, आत बोलावतायत," आणि फोन ठेवला. यंदा तिचे तिसरे वर्ष आहे. महिन्यातून एका रविवारी येते, माझा रक्तदाब बघते, मीठ कमी करा म्हणते. त्या जानेवारीतल्या दुपारविषयी ती कधी बोलली नाही आणि मीही नाही.

दिवाळी अंकाच्या लेखकांशी बोलताना, फोन ठेवण्यापूर्वी, ते मला म्हणाले, "पण काका, एक मान्य करा. प्रत्यक्ष नसेल, अप्रत्यक्ष का होईना, तिच्या यशात तुमचा हातभार आहेच ना? घरातल्या वडीलधाऱ्यांचा असतोच." मी त्यांना त्या वेळी उत्तर दिले नाही, कारण माझ्या हातात कागद नव्हता आणि कागदाशिवाय मी विधान करत नाही.

म्हणून गेल्या रविवारी नात आली तेव्हा तिच्या दोन्ही अर्जांच्या प्रती मी मागितल्या. तिने का म्हणून विचारले नाही. पुढच्या मंगळवारी टपालाने पाठवल्या. मी त्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचल्या. नाव, जन्मतारीख, पहिली पदवी, विद्यापीठ, आणि सरासरीच्या चौकटीत इथल्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन, तिच्या हाताने भरलेले ३,४. पाचव्या पानावर, निकालावर परिणाम करणारी कौटुंबिक परिस्थिती आणि तिचा पुरावा यासाठी अर्ध्या पानाची चौकट आहे. दोन्ही अर्जांत ती कोरी आहे.